पहिल्या सवाईची तयारी

पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात भरतो आणि मुंबईच्या उपनगरांत त्याची चाहूल बरीच आधी लागते. कलाकारांची नावे जाहीर झाली की पार्ल्यात, बोरिवलीत, मुलुंडमध्ये, घाटकोपरला गाण्याची आवड असलेल्या घरांत तिकीट भारतीय बैठकीचे काढायचे की खुर्चीचे, कोणत्या दिवशी निघायचे, मुक्काम कोणत्या नातेवाइकांकडे, अशी बोलणी सुरू होतात. या बोलण्यांत घरातील एखादी व्यक्ती गप्प राहते, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ बहुधा तिला गाण्यात रस नाही असा लावला जातो. वस्तुतः तिला गाणे इतरांइतकेच, कदाचित इतरांहूनही अधिक, प्रिय असू शकते. मात्र हजारो श्रोत्यांच्या मंडपात छाती धडधडू लागली, श्वास पुरेनासा झाला आणि बाहेर पडण्याची वाट सापडली नाही तर काय, हा प्रश्न तिच्या मनात तिकिटाच्या आधी उभा राहतो.

मानसशास्त्रात ज्याला चिंताविकार म्हणतात, त्याची गल्लत भित्र्या स्वभावाशी करू नये. परीक्षेआधी पोटात गोळा येणे किंवा मुलाखतीच्या आदल्या रात्री झोप न लागणे हे सर्वांच्याच वाट्याला येते. ही धास्ती प्रसंगाच्या मानाने फार मोठी होऊन महिनोनमहिने टिकते आणि माणसाचे जाणेयेणे, काम व झोप पोखरू लागते, तेव्हा तिला विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरातील ३० कोटी १० लाख माणसे अशा विकारासह जगत होती, आणि मानसिक विकारांमध्ये हाच सर्वाधिक आढळणारा आहे. त्यांच्यापैकी काहींना अधूनमधून भीतीचा झटका येतो, ज्याला बोलण्यात सर्रास पॅनिक अटॅक म्हटले जाते: हृदयाचे ठोके एकाएकी वाढतात, हातपाय थरथरतात, घाम फुटतो आणि आपण आता मरणार किंवा आपले भान सुटणार, अशी खात्रीच वाटू लागते. हा झटका काही मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि मग आपोआप ओसरतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये त्याची जी मीमांसा मांडली, ती आजही उपचारांचा पाया मानली जाते. शरीरातील एखाद्या निरुपद्रवी बदलाचा, उदाहरणार्थ जिना चढल्याने वाढलेल्या ठोक्यांचा, मन भयंकर अर्थ लावते, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ठोके आणखी वाढतात आणि त्यातून मनाला आपला अर्थ खरा असल्याचा पुरावाच मिळाल्यासारखे वाटते.

उपनगरातील माणसाच्या बाबतीत इथे एक कोडे पडते. रेल्वेच्या परिभाषेत लोकलमधील गर्दीसाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दप्रयोग आहे, आणि एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा प्रवासी उभे असणे, असा त्याचा अर्थ आहे. अंधेरीला रोज सकाळी त्या गर्दीत शिरणारी, किंवा घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या रांगेत उभी राहणारी व्यक्ती एखाद्या संगीत महोत्सवाला घाबरते, हे घरच्यांना पटत नाही आणि पुष्कळदा तिचे तिलाही पटत नाही. पण दोन्ही गर्दींचा स्वभाव सारखा नाही. लोकलमध्ये दर तीन-चार मिनिटांनी स्थानक येते आणि नकोसे झाले तर उतरता येते. तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही आणि आनंद होण्याची अपेक्षाही कोणी बाळगत नाही. महोत्सवात मात्र आनंदाचे एक ओझे असते. तिकिटाचे पैसे गेलेले असतात, सोबतचे लोक लांबून आलेले असतात, आणि त्यांचा विरस आपल्यामुळे होऊ नये या विचाराचे दडपण भीतीच्या झटक्याहूनही जड होते. त्यात मराठी श्रोत्यावर लहानपणापासून झालेला एक संस्कार भर घालतो, तो म्हणजे आलाप चालू असताना उठणे हा कलाकाराचा अवमान आहे. हा संस्कार मोलाचा आहे, तरीही चिंताग्रस्त व्यक्तीसाठी त्याचीच भिंत होते, कारण दार उघडे असूनही त्यातून बाहेर पडण्याची मुभा आपल्याला नाही, असे तिला वाटत राहते.

गर्दीची भीती निराधार असते, असेही या शहराने म्हणू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला, आणि त्या पुलावरून किंवा तशाच एखाद्या पुलावरून रोज जाणाऱ्या लाखोंच्या मनात ती सकाळ आजही आहे. म्हणून ‘काही होत नाही, उगाच घाबरतेस’ हे वाक्य चिंताग्रस्त व्यक्तीला दिलासा देत नाही. खरी धोक्याची जागा कोणती आणि शरीराने चुकून वाजवलेला इशारा कोणता, एवढा फरक ओळखता येणे तिला हवे असते.

या दृष्टीने सवाईची मूळ रचना पाहण्यासारखी आहे. किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ मध्ये निवर्तले आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त हा उत्सव सुरू केला. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यानंतर त्यांचेही नाव त्याला जोडले गेले. आर्य संगीत प्रसारक मंडळाचा हा महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालत असे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकावर निर्बंध घातले, तेव्हापासून तो मुख्यतः दुपार आणि संध्याकाळचा झाला. उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळेनासे झाले, याची जाणत्या श्रोत्यांना वाटणारी हळहळ रास्त आहे, आणि संगीताचे ते नुकसानच आहे. तरी चिंताविकारासह जगणाऱ्या श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर या बदलाने एक दार उघडले, हेही मान्य करावे लागते, कारण जागरणाने त्याची लक्षणे बळावतात आणि झोप शाबूत राहिली तर निम्मी लढाई सोपी होते. शिवाय दोन कलाकारांमधला वाद्ये जुळवण्याचा वेळ या श्रोत्यासाठी लोकलच्या स्थानकाचे काम करतो. त्या वेळात शेकडो लोक उठतात, चहा घेतात, पाय मोकळे करतात, पुस्तकांच्या आणि ध्वनिमुद्रणांच्या दालनांकडे जातात, आणि त्यांच्यात मिसळून बाहेर पडणाऱ्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. ही गोष्ट आधी ठाऊक असणे, हीच पहिली तयारी.

मुंबईत २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होणाऱ्या लोलापलूझासारख्या उत्सवाचे गणित वेगळे असते. तिथे एकाच वेळी अनेक मंच चालू असतात, प्रेक्षक बहुतांशी उभे असतात, आणि खर्जातील आवाज कानांइतकाच छातीत जाणवतो. ज्याला स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यांचीच भीती वाटते, त्याला छातीत घुमणारा हा बाहेरचा ठोका आतला वाटू शकतो, आणि याची कल्पना आधी असेल तर तो घोटाळा टळतो. तिथे जाण्यात गैर काहीच नाही. पहिल्याच उत्सवासाठी मात्र बसून ऐकण्याची, अधूनमधून थांबणारी मैफल अधिक दयाळू आहे.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये भीतीवरील उपचाराची एक पद्धत मांडली. भीतीच्या प्रसंगांची कमी त्रासापासून अधिक त्रासापर्यंत उतरंड लावायची, शरीर सैल सोडायला शिकायचे आणि खालच्या पायरीपासून एकेक प्रसंग अंगवळणी पाडायचा, असे तिचे सूत्र होते. पुढच्या संशोधनाने त्यात फेरफार केले असले, तरी भीतीपासून दूर पळण्याऐवजी तिच्याकडे टप्प्याटप्प्याने जायचे, हा गाभा टिकून आहे. मुंबईच्या उपनगरांत ही उतरंड सणांनीच रचून ठेवलेली आहे, असे म्हणता येईल. गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात एखादे भावगीतांचे गायन होते, जिथून घर दोन मिनिटांवर असते. कोजागरीला गच्चीवर पंधरा-वीस माणसांत पेटी-तबला निघतो. मग येते दिवाळी पहाट, आणि या कामासाठी तिच्याइतका योग्य कार्यक्रम दुसरा नसेल. हवा गार असते, गर्दी असते पण तीत निम्मे चेहरे ओळखीचे असतात, कार्यक्रम दोन-तीन तासांत संपतो आणि फराळाच्या वेळेला माणूस घरी परततो. त्यानंतर पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे किंवा मुलुंडचे कालिदास नाट्यगृह येथील एखादी बंदिस्त मैफल, पहिल्यांदा कडेच्या खुर्चीवर आणि नंतरच्या वेळी रांगेच्या मध्यावर बसून ऐकता येते. भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत असे चढत गेले, तर डिसेंबरातील मंडप ही एकदम मारलेली उडी राहत नाही.

तयारीचीही एक अडचण असते आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. चिंताग्रस्त माणूस तयारीत मुळीच कमी पडत नाही. उलट तो इतकी तयारी करतो की तीच भीतीचे खाद्य बनते. पॉल सॅल्कोव्हस्किस या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये अशा वागण्याचे विश्लेषण केले आणि त्याला सुरक्षा-वर्तन असे नाव रूढ झाले: संकट टाळण्यासाठी केलेली अशी कृती, जिच्यामुळे संकट मुळात आलेच नसते हे कळण्याची संधी हुकते. सतत नाडी मोजणे, सोबत्याचा हात क्षणभरही न सोडणे, दाराच्या इतक्या जवळ बसणे की गाण्यापेक्षा दारच अधिक दिसावे, ही त्याची उदाहरणे आहेत. मैदानाचा नकाशा एकदा पाहून बाहेर जाण्याचे दोन मार्ग ध्यानात ठेवणे ही तयारी आहे. तोच नकाशा रात्रभर पुन्हा पुन्हा उघडणे ही भीतीची चाकरी आहे. दोहोंमधली रेषा पुसट असते आणि ती ज्याची त्यालाच, शक्य तर समुपदेशकाच्या मदतीने, आखावी लागते. एक जुना आणि कसाला उतरलेला उपाय असा, की नेमके काय होईल अशी भीती वाटते ते जाण्यापूर्वी एका वाक्यात कागदावर लिहावे आणि परतल्यावर तो कागद वाचावा. मनाचे भाकीत आणि घडलेली गोष्ट यांतील अंतर उपदेशापेक्षा अशा कागदावरून लवकर उमगते.

श्वासाचा विषय जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण तिथे उपचार आणि संगीत जवळ येतात. भीतीत माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो, त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, आणि चक्कर व बोटांना मुंग्या येणे ही लक्षणे त्यातूनच उद्भवतात. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती मंदावते. विलंबित ख्यालात गायक नेमके हेच दमसासाने साधत असतो: एका स्वरावर ठेहराव, मग सावकाश पुढचा स्वर, आणि समेवर येईपर्यंत न तुटणारी सलगता. आलापाबरोबर मनातल्या मनात किंवा ओठ मिटून हलकेच गुणगुणणाऱ्या श्रोत्याचा उच्छ्वास नकळत लांबतो. हा रोगावरचा इलाज आहे असा दावा करणे चूक ठरेल, कारण डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि उपचार यांची जागा कोणताही राग घेत नाही. तरी ज्या मंडपाची धास्ती वाटते त्याच मंडपात शरीर शांत करणारी एक गोष्ट चालू असते, हे त्या श्रोत्याने ध्यानात ठेवावे.

प्रवासाबद्दल थोडेच सांगायला हवे. बोरिवलीहून एसटीची शिवनेरी स्वारगेटला जाते आणि अलीकडे महोत्सव जिथे भरतो ते मुकुंदनगर तिथून जवळ आहे. रेल्वेने जाणाऱ्यांना दादरहून सकाळच्या गाड्या मिळतात. त्याच दिवशी परतण्याचा हट्ट न धरता पुण्यात मुक्काम करावा, पाचही दिवसांऐवजी एका दिवसाचे गाणे निवडावे, नेहमीची औषधे नेहमीच्या वेळी घ्यावीत आणि त्या दिवशी चहा-कॉफी बेताने घ्यावी, कारण कॅफीनने ठोके वाढू शकतात.

सोबत जाणाऱ्यांचे काम त्याहून अवघड असते. आईने ‘बाळा, जमेल ना रे तुला?’ असे दर तासाला विचारणे आणि काकांनी ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ असे ठणकावणे, या दोन्हींतून एकच गोष्ट पोहोचते, की सर्वांचे लक्ष आपल्यावर आहे. त्यापेक्षा निघण्यापूर्वीच एकदा ठरवून घ्यावे: उठावेसे वाटले तर कारण न विचारता उठायचे, अमुक दालनापाशी भेटायचे, आणि झटका ओसरल्यावर जमले तर पुन्हा आत येऊन बसायचे. पुन्हा आत येणे हा यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. भीती शिगेला असताना निघून गेलेला माणूस भीतीच खरी होती असे समजून जातो, आणि दहा मिनिटांनी परत येऊन बसलेला माणूस ती ओसरते हे स्वतःच्या अनुभवाने शिकतो.

आयोजकांकडेही या संदर्भात थोडे मागणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी सुरक्षित श्रवणाचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात आवाजाची सरासरी १०० डेसिबलपर्यंत मर्यादित ठेवण्याबरोबरच श्रोत्यांसाठी शांत जागा असावी, असेही म्हटले आहे. पुण्यातला मोठा मंडप असो की पार्ल्यातली, मुलुंडमधली दिवाळी पहाट, प्रत्येक ठिकाणी चार खुर्च्या आणि पाणी ठेवलेला एक शांत कोपरा करणे अवघड नाही. तिकिटाच्या मागच्या बाजूला बाहेर पडण्याचे मार्ग, प्रथमोपचाराची जागा आणि तो कोपरा दाखवणारा छोटा नकाशा छापावा. आणि त्याच्याखाली १४४१६ हा क्रमांकही द्यावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा तो क्रमांक असून तिथे चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.