आशीर्वादाचा हात

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही अलिबागहून मुंबईला परतत होतो. पेण सोडलं की हमरापूर, जोहे, जिते या पट्ट्यात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. पंचांगातल्या चतुर्थीशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. गणपती आपल्याकडे दीड, पाच, नाहीतर दहा दिवस असतो. इथे तो वर्षभर असतो. रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती इथून गाडीगाडीने बाहेरगावी जातात. मुलीला ते दाखवावं म्हणून जित्याला थांबलो.

एका घराच्या पडवीत, माळ्यावर, अंगणातल्या ताडपत्रीखाली, जिथे नजर जाईल तिथे पांढरे गणपती होते. दोन फळ्यांमध्ये एका माणसापुरती वाट. मालकीणबाई म्हणाल्या, "बघा निवांत. फक्त ती सॅक बाहेर ठेवा." सॅकमध्ये लॅपटॉप होता, म्हणून मी ती पाठीवरच ठेवली.

"बाबा, हा बघा उंदीर!" अशी हाक आली आणि मी वळलो. माझ्याबरोबर सॅकही वळली. टक् असा बारीक आवाज झाला. दीड फुटी मूर्तीचा उजवा हात, तोही आशीर्वादाचा, मनगटापासून तुटून माझ्या चपलेजवळ पडला होता. आतला काथ्या तेवढा बाहेर लोंबत होता.

"बाबांनी बाप्पाचा हात तोडला," मुलीने अख्ख्या कारखान्याला कळवलं.

मी काय केलं असेल? चप्पल काढली, हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटलो, "देवा, चूक झाली." एरवी सत्यनारायणाच्या पूजेला मोबाइल बघत बसणारा मी. पण त्या क्षणी डोक्यात फक्त अपशकुन, आईला सांगायचं की नाही, आणि परतीचा घाट.

मालकीणबाई आल्या. हात उचलून त्यांनी जागेवर लावून पाहिला. "अहो, घाबरताय कशाला? अजून डोळे काढले नाहीत, प्राणप्रतिष्ठा तर लांबच. आता हे प्लास्टरच आहे. आमच्याकडे रोज एखादा हात जातो, कधी सोंड जाते."

मी सुटलो. लगेच पाकीट काढलं. "मूर्तीची किंमत सांगा, मी पूर्ण देतो."

"मूर्ती विकायचीच आहे मला. तुमच्याकडून कसले पैसे घेऊ?" मग त्यांनी कोपऱ्याकडे मान वळवली. "काम त्याचं वाढलं. त्याला विचारा."

तिथे एक मुलगा पॉलिश पेपरने मूर्तीचं पोट घासत बसला होता. भुवयांपर्यंत पांढरा. आम्ही आल्यापासून तो तिथेच होता. मला दिसला आत्ता.

"ती फळी सकाळीच घासून झाली होती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हिशेब होता. आता हात जोडायचा, ओलं प्लास्टर भरायचं, सुकू द्यायचं, सांधा दिसेनासा होईपर्यंत पुन्हा घासायचं.

मला खरी लाज तेव्हा वाटली. ज्यात अजून देव आलाच नव्हता, त्या मूर्तीची मी चप्पल काढून माफी मागितली होती. ज्याची सकाळ मी वाया घालवली, तो हाताच्या अंतरावर बसला होता आणि त्याला मी साधं "सॉरी"ही म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा तो गोंधळला. पैसे पुढे केले तर आधी मालकिणीकडे पाहिलं, मग घेतले आणि खिशात न ठेवता शेजारच्या डब्याखाली सरकवले. हात प्लास्टरने भरले होते त्याचे.

निघताना मुलीने विचारलं, "दादा, त्याला दुखलं का?"

"नाय," तो पहिल्यांदाच हसला. "माझाच हात दुखंल आता."

सॅक मी पुढे, पोटाशी धरून बाहेर आलो.