ओळखीचे दगड

पन्नास वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात शिरलं, की दगड भेटायचेच. दारात पाय धुवायची धोंड, पडवीत उखळ, माजघरात जातं, चुलीपाशी पाटा-वरवंटा, मागच्या दारी धुण्याचा दगड आणि कुठे कुठे देवघरात शाळिग्राम. प्रत्येकाची जागा ठरलेली, काम ठरलेलं. घरातल्या शेंबड्या पोरालाही कुठला दगड कशासाठी, हे ठाऊक असायचं. आज आपल्या घरात त्याहून कितीतरी जास्त दगड आहे. भिंतीत खडी, गिलाव्यात क्रश सँड, ओट्यावर ग्रॅनाइट, खिशातल्या मोबाइलमध्ये गारेपासून काढलेलं सिलिकॉन. दगड वाढला, ओळख मात्र गेली. त्या ओळखीची मला फार आठवण येते.

आमच्या आळीत दिवाळीच्या आधी हमखास आरोळी यायची, “पाट्याला टाकी लावायचीऽऽ!” आजी पाटा अंगणात काढून ठेवायची. टाकीवाली मावशी समोर फतकल मारून बसायची, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात हातोडी.

“आक्का, खोल टाकू का बारीक?”

“बारीकच टाक गं. मला वाटणाला लागतो.”

मग टक् टक् सुरू व्हायचं. वापरून गुळगुळीत झालेल्या काळ्या दगडावर राखाडी ठिपक्यांची एकेक ओळ उमटत यायची. कुठेही दोन ठिपके एकमेकांत मिसळायचे नाहीत. काम झालं की आजी पाटा खसाखसा धुवायची, त्यावर मूठभर तांदूळ वाटायची आणि ते वाटण टाकून द्यायची; दगडाची कच त्याच्याबरोबर निघून जायची.

तो दगड म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा वाहिला. एक थर थंड व्हायचा, त्यावर पुढचा पसरायचा. आजही हा पाषाण सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच उभा आहे. उघड्यावर आलेला लाव्हा भराभर निवतो, त्यातल्या स्फटिकांना मोठं व्हायला वेळ मिळत नाही. म्हणून या दगडाचा कण इतका बारीक आणि एकमेकांत इतका घट्ट अडकलेला, की मिरची-खोबरं वाटून वाटून पिढ्या सरतात, पाटा सरत नाही. पाथरवटाला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. हातोडीचा हलका ठोका द्यायचा आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजला तर दगड एकसंध, बद्द वाजला तर आत चीर.

आता मिक्सर आहे, आणि तो आला हे फार चांगलं झालं. पहाटे उठून जात्याचा खुंटा ओढणाऱ्या बायकांचे हात मी पाहिलेत. त्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या जात्याने आणखी एक गोष्ट दिली होती. वैरण घालता घालता बायका ओव्या रचत गेल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बाईला मनातलं बोलायला घरात दुसरं कुणी नसेल तेव्हा ती दगडापाशी बोलली, हे त्या संग्रहामुळे आपल्याला कळतं.

जमिनीवर शहाबादी फरशी होती. उन्हाळ्यात तिच्यावर नुसतं पालथं पडलं तरी अंग निवायचं. सरबत करताना लिंबाचा थेंब सांडला, की आजी ओरडायची, “फरशीला आंबट चालत नाही रे!” तेवढ्यात पुसलं तर ठीक, नाहीतर तिथे कायमचा पांढुरका, खरखरीत डाग. कारण शहाबादी हा चुनखडक. एके काळच्या उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर साचून तो तयार झाला. म्हणून तर कलबुर्गीकडच्या खाणीत तो पहारीने थरावरच सपाट सुटतो. आणि चुनखडक आम्लात विरघळतो, म्हणून लिंबाचा डाग. नंतर शहरात ओटे आले ते कडप्प्याचे. तोही काळा चुनखडकच, त्यालाही आंबटाचं वावडं. मग ग्रॅनाइट आला. तो जमिनीच्या पोटात, खूप खोल, सावकाश निवतो. त्यामुळे त्याचे गुलाबी, पांढरे, काळे दाणे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात आणि लिंबू त्याचं काही बिघडवू शकत नाही. पण दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो तो बरेचदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा सख्खा भाऊ, फक्त जरा खोलवर निवलेला. आजीचा पाटा माळ्यावर गेला आणि त्याचाच भाऊ ओट्यावर येऊन बसला, हे किती घरांना माहीत असेल?

देवघर तर दूरदूरच्या दगडांचा मेळाच होता. आजोबांच्या पंचायतनात नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोण नदीचा तांबडा शोणभद्र, सुवर्णमुखी आणि स्फटिक असे पाच पाषाण होते. त्यातला शाळिग्राम मला सगळ्यांत अद्भुत वाटतो. त्यातलं चक्र म्हणजे सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या एका समुद्री जिवाच्या, अमोनाइटच्या, शंखाचा ठसा. हिमालय उचलला गेला तेव्हा त्या समुद्राचा तळही वर गेला आणि गंडकीने ते खडक फोडून काठावर आणून टाकले. आजोबा त्याला रोज स्नान घालायचे. त्यांची भक्ती आणि आजचं हे ज्ञान यांत मला कुठेच भांडण दिसत नाही.

आमच्या दप्तरात पाटी असायची. चिखलाचा गाळ दबून खडक झाला, तो पुन्हा दाबाखाली आणि उष्णतेत बदलला आणि त्याचे पातळ, गुळगुळीत पापुद्रे झाले, ती पाटी. लाव्ह्याचा पाटा, गाळाची फरशी आणि रूप पालटलेली पाटी: अग्निज, गाळाचा आणि रूपांतरित ही खडकांची तिन्ही कुळं एका साध्या घरात नांदत होती. भूगोलाच्या बाईंना उदाहरणासाठी वर्गाबाहेर जावं लागत नसे.

घराच्या भिंती चुन्यात बांधलेल्या. चुनखडी भाजायची, विझवायची आणि वाळू घालून घाणीत मळायची. बैल गोल फिरायचे, दगडी चाक चरातून फिरायचं. भाजताना चुनखडीतून जो वायू निघून जातो, तोच भिंतीतला चुना हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. किल्ल्यांचे तट त्या जोरावर उभे आहेत. आज चंद्रपूरकडची चुनखडी साधारण 1450 अंशांवर भट्टीत भाजून सिमेंट होतं, आणि जे घर बांधायला तेव्हा दोन-तीन उन्हाळे लागायचे त्याच्या जागी वर्ष-दोन वर्षांत टॉवर उभा राहतो. लाखो लोकांना त्यामुळे डोक्यावर पक्कं छप्पर मिळालं. फक्त त्या टॉवरसाठी कुठलातरी डोंगर क्रशरमध्ये गेलेला असतो. वडाराने सुतकीने फोडलेल्या चिऱ्यावर त्याच्या हाताची खूण असायची. क्रशरच्या वाळूवर कसलीच खूण नसते.

आजच्या काळाने दिलं तेही मोठं आहे. पूर्वी विहीर खणताना खडकात पोकळी लागायची आणि आत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक चमकायचे. पोरं खेळायला न्यायची, बाकीचे मुरमात जायचे. निवणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत खनिजं मुरलेलं पाणी झिरपत राहिलं आणि हे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट घडले, हे आता आपल्याला कळतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेला आहे, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलांना हे वैभव काचेपलीकडे का होईना, पाहता येतं. महामार्गासाठी कापलेल्या घाटांतल्या दरडीत काळ्या थरांच्या मध्ये लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्या काळात झिजलेल्या खडकाची ती माती. आमच्या आजीला हा पट्टा असा उघडा कधी दिसला नसता.

म्हणून मागे वळून पाहताना मला पाटा-जात्याचे दिवस परत नको आहेत. मला ती ओळख परत हवी आहे. शाळेची सहल जाताना बाईंनी मुलांना तो लाल पट्टा दाखवावा. ओटा घेताना दुकानदाराकडून तुकडा मागून त्यावर लिंबू पिळून पाहावं आणि चुनखडक कुठला, ते मुलांना सांगावं. बांधकामावर वाळूचा डंपर रिकामा होत असेल, तर ती कुठल्या डोंगराची, हे विचारावं. ज्याला दगडाचं नाव आणि गाव माहीत असतं, त्याला तो डोंगर संपत चालल्याचंही कळतं. आणि कळलं तरच आपण किती खणायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरवू शकू.