विरंगुळ्याचे माप

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस माणसाला आकड्यांत बसविण्याची विद्या निराळी शिकवावी लागत नाही. हाताखालच्या मंडळींचे गोपनीय अहवाल आम्ही वर्षानुवर्षे लिहिले. पूर्वी 'उत्तम', 'बरा' अशा विशेषणांवर भागत असे. पुढे २००८-०९ पासून केंद्र सरकारच्या कार्यमूल्यमापनात एक ते दहा असे गुण आले. आठाच्या वर असामान्य, सहाच्या वर अतिशय चांगला, अशी ती उतरंड वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाची असेल. यथावकाश बहुतेक अहवालांवर आठ-नऊ पडू लागले. जी पट्टी सर्वांची उंची सारखीच दाखवते, तिने उंची मोजली असे म्हणता येत नाही. हे आम्हांस त्या काळीच उमगले होते. म्हणूनच की काय, आमच्या एका स्नेह्यांच्या 'विरंगुळ्याचे मूल्यमापन' दिल्लीच्या एका रुग्णालयात चालू आहे असे कानी आले, तेव्हा आम्हांस प्रथम हसू आले.

हे स्नेही हिशेब तपासणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. दीड वर्षापूर्वी त्यांस अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळली. पुढे औषधोपचाराने आणि व्यायामाने दोन्ही बऱ्याच अंशी परत आली. अशा रुग्णांसाठी बार्थेल निर्देशांक म्हणून एक माप आहे. १९६५ साली ते प्रसिद्ध झाले. जेवणे, अंघोळ, कपडे, जिना चढणे अशा दहा नित्यकर्मांत माणूस किती स्वावलंबी आहे हे पाहून शंभरांपैकी गुण देतात. आमच्या स्नेह्यांस नव्वद मिळाले. घरी पेढे वाटावे असा तो निकाल! परंतु आम्ही भेटीस गेलो, तर नव्वद गुणांचे हे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसलेले. वहिनी आम्हांस बाहेर गॅलरीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "खातात, पितात, चालतात, पण घरात कोणी नाही असं वाटतं हो." त्या निर्देशांकात कसलीही चूक नव्हती. माणसाला काय करता येते एवढेच तो विचारतो. त्याला काय करावेसे वाटते हे विचारण्याचे काम त्याचे नव्हे.

ते काम करणारी विद्या अमेरिकेत रिक्रिएशनल थेरपी या नावाने वाढली. आपण तिला रंजनोपचार म्हणू. तिच्या व्यावसायिकांची अमेरिकन संघटना १९८४ साली स्थापन झाली. खेळ, संगीत, बागकाम, सहल यांचा उपचार म्हणून उपयोग करावयाचा, पण त्याआधी रुग्णाची पारख करावयाची, मग योजना, मग अंमल आणि अखेर पुन्हा पारख, अशी तिची रीत. आपल्याकडे हे काम बहुधा व्यवसायोपचार करणारी मंडळीच सांभाळतात. त्यांची पहिली शाळा मूळच्या अमेरिकन कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काढली, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आमच्या स्नेह्यांकडे येणारी उपचारिका वयाने आमच्या धाकट्या मुलीएवढी. तिने बिअर्ड आणि रघेब या दोघांनी १९८० साली मांडलेली, फुरसतीतील समाधान मोजणारी प्रश्नावली आणली होती. चोवीस विधानांची, हिंदीत उतरवलेली. मनाचे समाधान, ज्ञान, स्नेहसंबंध, विश्रांती, शरीरस्वास्थ्य आणि सौंदर्य अशा सहा अंगांनी ती विचारपूस करते. प्रत्येक विधानापुढे 'जवळजवळ कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत पाच घरे. आमच्या स्नेह्यांनी चष्मा लावला, डाव्या हाताने पेन्सिल धरली आणि चोविसांच्या चोवीस विधानांपुढे मधल्या घरात खूण केली. पुराव्यावाचून कोणत्याही बाजूस झुकावयाचे नाही, हा त्यांच्या खात्याचा बाणा! बेरीज अर्थातच बरोबर मध्यावर आली.

आठवड्याने तोच कागद पुन्हा दिला. पुन्हा चोवीस खुणा, तशाच मध्ये. येथे आम्हांस त्या मुलीने एक भेद समजावून दिला, तो आम्ही तीस वर्षांच्या नोकरीत नेमक्या शब्दांत कधी ऐकला नव्हता. तेच माप पुन्हा लावले असता तेच उत्तर येणे ही झाली विश्वसनीयता. आमच्या स्नेह्यांच्या उत्तरांत ती पुरेपूर होती. परंतु जे मोजावयाचे तेच मोजले गेले काय, हा प्रश्न यथार्थतेचा. आणि तेथे तो कागद कोरा होता. बंद पडलेले घड्याळ कधीही पाहा, तीच वेळ दाखवते. एकाला दोन आणि दोनाला तीन यांमधले अंतर सारखेच धरून बेरीज करावी काय, याविषयीही तिला शंका होती. १९४६ साली स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने मापांचे चार प्रकार सांगितले. त्यांतील क्रम दाखवणारे माप पहिला-दुसरा एवढेच सांगते, पहिला दुसऱ्याहून कितीने पुढे हे सांगत नाही. पदोन्नतीच्या ज्येष्ठता यादीवरून ज्यांनी भांडणे पाहिली आहेत, त्यांस हे विस्ताराने सांगावयास नको.

तिने प्रश्नावली बाजूस ठेवली. टाकली मात्र नाही. वहिनींना ती घरच्या पूर्वीच्या दिनक्रमाविषयी विचारू लागली. छंदांची एक यादी तिच्याजवळ होती: वाचन, बागकाम, पत्ते, भजन वगैरे. प्रत्येकावर वहिनी मान हलवीत. शेवटी त्या संकोचाने म्हणाल्या, "यांना रेल्वेचं वेळापत्रक वाचायचा नाद होता. प्रवासाला जायचं नसलं तरी." यादीत अर्थातच तो रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या कपाटातले एक जुने वेळापत्रक नेऊन दिले. तिने ते त्यांच्यापुढे ठेवले आणि गोवा एक्सप्रेस टाळून दिल्लीहून मिरजेस कसे जाता येईल, असा एक प्रश्न करून ती दूर जाऊन बसली.

त्यानंतरचे मोजमाप आम्हांस फार आवडले. 'आनंदी दिसतात' असे लिहावयास तिने साफ मनाई केली. पहिल्या दिवशी तिने आणि वहिनींनी एकाच अर्ध्या तासाची वेगवेगळी नोंद केली होती. वहिनींनी 'आनंदात' लिहिले, तिने 'शांत'. दोन निरीक्षकांचा मेळ बसत नसेल तर दोष बहुधा शब्दाचा, असे ती म्हणाली. मग डोळ्यांस दिसेल तेवढेच लिहावयाचे ठरले: पुस्तक कोणी हाती न देता स्वतःहून कितीदा उघडले, सलग किती मिनिटे त्यात राहिले, आणि त्यावरून दुसऱ्या कोणाशी आपणहून कितीदा बोलले. पहिले तीन दिवस सलग वेळ चार मिनिटांच्या आसपास. सहाव्या आठवड्यात तो पस्तिसावर गेला. आम्ही तिचे अभिनंदन करू लागलो, तो तिने हात वर केला. काळाबरोबर प्रकृती आपोआपही सुधारते. मग हे त्या पुस्तकाचे श्रेय कशावरून? म्हणून चार दिवस पुस्तक उचलून ठेवावयाचे आणि नोंद चालू ठेवावयाची. वहिनींना ते निष्ठुर वाटले; आम्हांसही वाटले. त्या चार दिवसांत भिंत परत आली. पाचव्या दिवशी पुस्तक जागेवर ठेवले, तेव्हा शेजारच्या खाटेवरील गृहस्थांस गयेस जावयाचे होते. त्यांची गाडी, तिचा पोहोचण्याचा वेळ आणि ती चुकल्यास पुढची कोणती, हे आमच्या स्नेह्यांनी अडखळत, पण न विचारता सांगितले. नोंदीत तिसऱ्या रकान्यात १ पडला. इतक्या दिवसांतला तो पहिला.

आता त्या मुलीने आमच्यापुढे एक काम टाकले आहे. रुग्णालयात मराठी मंडळी अधूनमधून येतात. तेव्हा मूळकर्त्यांची रीतसर परवानगी आल्यावर ती चोवीस विधाने मराठीत करावयाची. एकाने मराठी करावयाचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावयाचे आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहावयाची, अशी ठरलेली पद्धत आहे. मसुदे घासण्यात आमची हयात गेली. तरीही पहिल्याच ओळीत आम्ही अडून बसलो आहोत. मूळ शब्दास मराठीत काय म्हणावे? 'फुरसत' म्हणावे तर ती नसणे हेच आपल्याकडे मोठेपणाचे लक्षण. 'फुरसत नाही' हे वाक्य आपण किती अभिमानाने उच्चारतो! 'रिकामा वेळ' म्हटले की 'रिकामटेकडा' दारात उभा राहतो, आणि निवृत्त माणूस त्या शब्दास फार भितो. 'फावला वेळ' म्हणजे कामातून उरलासुरला. ज्याला कामच उरले नाही त्याचे काय फावावयाचे? तूर्त आम्ही 'विरंगुळा' लिहिले आहे. येत्या गुरुवारी मंडळाच्या वाचनालयात येणाऱ्या चौघा निवृत्तांपुढे तो शब्द ठेवून, त्यावरून त्यांच्या मनात नेमके काय येते, हे लिहून घ्यावयाचे आहे. आमचे स्नेही पाचवे. मात्र त्यांनी अट घातली आहे की, मधले घर काढून टाकू नये.