दुराझोची लढाई

इतिहास म्हणजे धर्माधर्मांची झुंज, हे समीकरण आपल्याकडे घट्ट बसलंय. शिक्षक म्हणून मला ते वर्गात भेटतं, मुसलमान म्हणून वर्गाबाहेरही.

अशा वेळी मला बायझंटाईन साम्राज्य आठवतं. १०७१ मध्ये ते दोन्हीकडून खचलं. पूर्वेला सेल्जुक तुर्कांनी सम्राटालाच कैद केलं. पश्चिमेला नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार्डने इटलीतलं अखेरचं ठाणं, बारी, जिंकलं. १०८१ मध्ये तोच रॉबर्ट समुद्र ओलांडून आजच्या अल्बानियातल्या दुराझोवर चालून गेला. पदच्युत सम्राटाला गादी मिळवून देतो, हा बहाणा. सोबत एक तोतया. चढाई करणारे ख्रिस्ती, हरणारेही ख्रिस्ती. हरलेल्या सम्राट अलेक्सियसने पुढे कुमक मागितली ती सेल्जुक सुलेमानकडे, आणि ती आलीही. आरमारासाठी त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली. नॉर्मन परतले, माफी मात्र राहिली. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटणारे क्रुसेडर व्हेनिसच्याच जहाजांतून आले.

गादी, तिजोरी, जकात. धर्माच्या रकान्यात यातलं काय बसवायचं? मध्ययुगाचा हिशेब कुणी माझ्याकडे मागितला, की मी त्याला दुराझोची गोष्ट सांगतो.