घाण्यावरून पलटणीत

‘अलिबागहून आलास काय?’ हा प्रश्न प्रत्येक मराठी माणसाने आयुष्यात एकदा तरी कुणाला विचारलेला असतो, निदान ऐकून तरी घेतलेला असतो. २०१९ साली एका गृहस्थाने तर या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. न्यायालयाने ते काही मनावर घेतले नाही. मला मात्र या किनाऱ्याला निराळाच प्रश्न विचारावासा वाटतो. अलिबागहून कोण कोण आणि कुठे कुठे गेले? त्याचे उत्तर शोधायला निघालेला माणूस पार श्रीरंगपट्टणास, काबूलच्या वाटेवर आणि सरतेशेवटी जेरुसलेमच्या पलीकडच्या वाळवंटात जाऊन पोचतो.

हल्ली हा प्रवास फार सोपा झाला आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट बोटीत चढावे आणि तासाभरात मांडव्याला उतरावे. पुढे अलिबागच्या वाटेवर दगडांवरची आणि फाट्यांवरची नावे वाचत चला. आवास, झिराड, किहीम, नवगाव. यांच्यापुढे नुसता ‘कर’ लावला की आवासकर, झिराडकर, किहीमकर, नवगावकर अशी आडनावे तयार होतात, आणि ही आडनावे मिरवणाऱ्यांत ब्राह्मण, मराठे, आगरी जसे आहेत तसे यहुदीही आहेत. कोकणातले हे यहुदी म्हणजे बेने इस्रायल. एके काळी कुलाबा म्हणवणाऱ्या आणि १९८१ पासून रायगड झालेल्या या जिल्ह्यात त्यांची शंभरावर गावे होती असे म्हणतात; आडनावांची यादी पाहिली की त्यावर विश्वास बसतो.

नवगावला समुद्राच्या अंगाला त्यांचे जुने कबरस्तान आहे. परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्याला लावली. ती इथेच पुरली. आज तिथे स्मारकाचा स्तंभ उभा आहे, माडांतून वारा वाहतो आणि चिटपाखरूही नसते. वाचलेल्यांपाशी ग्रंथ उरला नव्हता. उरली होती ती ‘शेमा’ ही प्रार्थना, मुलग्यांची सुंता, काही सणउपास आणि शनिवार. पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे घातले. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबे, बैल सुटे आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पुन्हा जुंपला जात नसे. गावाने एवढेच पाहिले आणि त्यांना नाव दिले शनिवार तेली.

आता या घाण्यावर वाढणारा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. धर्माच्या हिशेबाने यहुदी मुलगा तेराव्या वर्षी मोठा होतो. पण मोठा होऊन करायचे काय? बैलामागून फिरायचे, बुधले डोक्यावर घेऊन गावोगाव तेल विकायचे आणि म्हाताऱ्याने बसायची जागा सोडली की तिथे आपण बसायचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईची कंपनी सरकारची पलटण कोकणात शिपाई शोधू लागली, तेव्हा या मुलाला घाण्याच्या वर्तुळातून बाहेर पडणारी पहिली सरळ वाट दिसली. तलवारीची ओळख काही अगदीच नवी नव्हती. अहरोन चुर्रीकर नावाचे बेने इस्रायल गृहस्थ आंग्र्यांच्या आरमारात नाईक होते आणि त्यांना इनाम जमीन मिळाली होती, असे या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी नोंदवले आहे. परंतु आरमारात एखादे घराणे चढले. पलटणीत गावेच्या गावे शिरली.

या शिरलेल्यांतले सर्वांत नामांकित सामाजी हसाजी दिवेकर. हिब्रू वळणाने त्यांचे नाव सॅम्युएल एझिकेल. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते इंग्रजांच्या मुंबईच्या फौजेत देशी अंमलदार होते. १७८३ साली बेदनूरला इंग्रजी फौज शरण गेली आणि त्या धामधुमीत सामाजी व त्यांचे बंधू टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. पुढची हकीकत बेने इस्रायल घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना टिपूसमोर उभे केले. ‘तुझी जात कोणती?’ या प्रश्नाला सामाजींनी ‘बेने इस्रायल’ असे उत्तर दिले. पडद्याआडून टिपूची आई ऐकत होती. ती म्हणाली, या लोकांचा उल्लेख कुराणात आहे, यांना मारू नकोस. जीव वाचला. कैदेत असताना सामाजींनी नवस केला की, सुटलो तर मुंबईत देवाचे घर बांधीन. सुटका झाली आणि १७९६ साली मुंबईत मांडवीच्या भागात बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. त्याचे नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. मशीद बंदर हे स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे पुष्कळजण सांगतात. जवळच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले ते सामाजींचेच. धर्माच्या कामासाठी ते पुढे कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.

या कथेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते सामाजींचे उत्तर. गावात कुणी जात विचारली असती तर ‘शनिवार तेली’ हे उत्तर पुरले असते. घरापासून शेकडो कोसांवर, मरण समोर उभे असताना, त्या माणसाला आपले खरे नाव उच्चारावे लागले आणि त्या नावानेच तो तरला. पुढच्या शंभर वर्षांत हजारो मुलांचे थोड्याफार फरकाने असेच झाले.

मुंबईच्या सैन्याची एक रीत होती. मराठा, महार, मुसलमान, परदेशी, यहुदी असे सगळे एकाच तुकडीत खांद्याला खांदा लावून उभे राहत. घाण्यावरच्या पोराला तिथे लिहायला-वाचायला मिळाले, नेमका पगार मिळाला, आणि टिकून राहिला तर हवालदार, जमादार, सुभेदार अशी पायरी चढता आली. ज्याच्या हातचे तेल घेताना लोक जरा अंतर राखत, त्याच्या हुकुमावर आता शंभर माणसे पाऊल उचलू लागली! त्या सैन्याबरोबर हे लोक मुलतानला गेले, इराणात गेले, हबसाणात गेले, अफगाणिस्तानात गेले. मोबदलाही द्यावा लागलाच. पलटणीची कवाईत शनिवार पाहून थांबत नसे, आणि ज्या वाराने समाजाला नाव दिले तोच वार शिपायाला मनातल्या मनात पाळावा लागे.

मग पेन्शन घेऊन सुभेदार गावी परते. रेवदंड्याचे सिनेगॉग १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे, पेणचे १८६३ चे. पलटणीतला आणि मुंबईच्या नोकऱ्यांतला पैसा या किनाऱ्यावर येऊ लागला तो काळ हाच, हे ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारचे धोरण फिरले. अमुक जाती ‘लढवय्या’, तमुक नव्हेत, असे ठरवून जातवार तुकड्या बांधण्यात आल्या. महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. सुभेदार रामजी सकपाळांच्या घराने त्याचा सल कसा बाळगला हे आपण जाणतो. बेने इस्रायलांनाही स्वतःची तुकडी भरेल एवढे संख्याबळ नव्हते. त्यांची मुले रेल्वे, पोस्ट, गोदी आणि इस्पितळे यांकडे वळली. तरी धागा अगदी तुटला नाही. स्वतंत्र भारताच्या आरमारात रिअर ॲडमिरल बेंजामिन अब्राहाम सॅमसन यांनी भारतीय नौदलाच्या ताफ्याचे आधिपत्य केले आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुखही होते.

१९४८ साली इस्रायल हे राष्ट्र जन्मले तेव्हा बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेकांनी तिकडची वाट धरली. तिथेही त्यांना आपले नाव पुन्हा सिद्ध करावे लागले. हे खरे यहुदी आहेत की नाहीत, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने काढली. बेने इस्रायलांनी जेरुसलेमला धरणे धरले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. आज भारतातले सगळे यहुदी मिळून चार-पाच हजार भरतात.

अलिबागेत इस्रायल आळी आहे. तिच्यातले ‘मागेन आबोत’ सिनेगॉग पाहून बाहेर पडलो, तो शेजारच्या ओटीवर एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मी काय शोधतो आहे ते ऐकून म्हणाल्या, “पलटण होय? आमच्या पणजोबांची होती. आता नातवाची झाली.”

नातू इस्रायलात जन्मलेला. तिथे अठरा वर्षे पुरी झाली की सैन्यात जावेच लागते आणि मुलग्यांना अडीच वर्षांहून अधिक काळ काढावा लागतो.

“आजी, काळजी वाटली असेल.”

“वाटायची राहते का? पणजोबा पोटासाठी गेले, आपल्या मनानं गेले. याला सरकारनं बोलावलं. सुखरूप सुटला तर टाप्यावर मलिदा करीन म्हटलं होतं.”

टापा म्हणजे सागाव-तळवलीकडचा खडक. एलियाहू हन्नाबी, म्हणजे त्यांचा संदेष्टा, तिथून रथातून स्वर्गी गेला आणि खडकावर खुणा उमटल्या अशी श्रद्धा आहे. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट.

“मग, सुटला?”

“सुटला. मलिदाही केला. तो काही आला नाही, फोनवर बघितलान्‌. ‘आजी, जेवलीस का’ एवढं मराठी येतं त्याला. पुढचं आम्ही हसून भागवतो.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “गेला तेव्हा पोर होता हो. आता बोलतो तो बाप्या बोलतो. पण फार कमी बोलतो.”

त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मी पुढे काही विचारले नाही. सामाजींनी नवस फेडायला देवाचे घर बांधले. या आजींनी ताटभर पोहे केले. दोहोंमध्ये सव्वादोनशे वर्षे गेली, आणि धाडलेला मुलगा परत यावा ही विनवणी तशीच राहिली. परत येतो तो मात्र धाडलेला मुलगा नसतो, हे ओटीवर बसणाऱ्यांना फार आधी कळते.

वाचकांपैकी जे नाताळच्या सुट्टीत अलिबागला जातील, त्यांनी किल्ला आणि समुद्र पाहून झाल्यावर एक तास या आळीसाठी ठेवावा. शनिवारी मात्र जाऊ नये. तो त्यांचा विश्रांतीचा दिवस, आणि हजारो बैलांना तो सुट्टीचा मिळाला तो यांच्यामुळेच.