एक नळी, एक काडतूस

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी रायपूरला गेलो, तेव्हा आजोबांच्या खोलीतलं सागवानी कपाट रिकामं होतं. त्या कपाटात त्यांची बारा बोअरची एकनळी बंदूक असायची. आत होता फक्त नळी साफ करायचा लाकडी गज, तेलाची बाटली आणि एक पावती.

"निवडणूक आहे ना रे, ठाण्यात जमा केलीय," आजी म्हणाली.

छत्तीसगडात विधानसभेचं मतदान ७ आणि १७ नोव्हेंबरला होतं. आचारसंहिता लागली की आमच्याकडे परवान्याच्या बंदुका ठाण्यात जातात. आजोबा बाबांच्या स्कूटरवर मागे बसून स्वतः बंदूक जमा करून आले होते.

मी खट्टू झालो. त्या वर्षी एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये .२२ रायफलने पाच गोळ्यांचा माझा ग्रुप उस्तादांनी सगळ्यांना दाखवला होता. घरी जाऊन आजोबांची बंदूक हातात घ्यायची, बिजागरीवर मोडून नळीतून उजेड बघायचा आणि मग त्यांना कॅम्पची गोष्ट सांगायची, असं मी रेल्वेत बसल्यापासून ठरवलं होतं. बंदूकच नाही म्हटल्यावर गोष्ट सांगायला मजा येईना.

आमचं घर तात्यापाऱ्यात. घरात मराठी, दाराबाहेर छत्तीसगढी. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. महासमुंद जिल्ह्यात, सिरपूरच्या रस्त्यावर आमची थोडी धानाची शेती आहे. तिथे बरहा, म्हणजे रानडुकरं, उभ्या पिकात शिरतात. पूर्वी कापणीच्या दिवसांत आजोबा रात्री मचाणावर बसायचे. ही बंदूक त्यांची त्या मचाणावरची सोबत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मिशिगनहून काकांचा व्हिडिओ कॉल आला. फराळाच्या चौकशा झाल्या आणि काका म्हणाले, "बाबा, तुम्हाला एक विचारायचं होतं. बंदुकीबद्दल."

आजोबा एकदम सरळ बसले. मीही लाडू खाली ठेवला.

गोष्ट अशी होती. काकांचा शेजारी दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातो. तिथे ती कायदेशीर आहे. १५ नोव्हेंबरला बंदुकीचा मोसम सुरू होतो आणि ३० तारखेला संपतो. त्याआधी शिकाऱ्याचा सुरक्षा वर्ग करावा लागतो. तो काकांनी उन्हाळ्यात केला होता. आता बंदूक घ्यायची होती. सगळं मिळून सहाशे डॉलरच्या आत, म्हणजे जुनीच.

काकांनी जी निवडली होती ती ऐकून मला गंमत वाटली. ती आजोबांच्या बंदुकीची चुलत बहीणच होती. एकच नळी, बिजागरीवर मोडणारी, एका वेळी एकच काडतूस. फरक एवढाच की तिची नळी काढून दुसरी लावता येते. पुढची लाकडी पकड सोडवायची, बिजागरीवरून नळी उतरवायची आणि दुसरी बसवायची. दस्ता, चाप, घोडा तेच. एकाच बंदुकीच्या दोन बंदुका होतात.

"पण दोन कशाला?" आजोबांनी विचारलं.

काकांनी समजावलं. मिशिगनच्या दक्षिण भागात वस्ती दाट आहे, म्हणून लांब जाणाऱ्या रायफलीला तिथे हरणासाठी परवानगी नाही. तिथे शॉटगन चालते, किंवा .३५ इंच आणि त्याहून मोठ्या गोळीची, सरळ भिंतीच्या काडतुसाची रायफल चालते. अशा काडतुसाची लांबीही कायद्यात दिलेली आहे. .४४ मॅग्नम त्यात बसतं. उत्तरेच्या जंगलात मात्र .२४३ सारखी, मानेशी निमुळत्या काडतुसाची, दूर मारणारी रायफल चालते. काका राहतात दक्षिणेत आणि शेजाऱ्याची केबिन आहे उत्तरेला. म्हणून दोन नळ्या.

मग त्यांनी दोन पर्याय सांगितले. पहिला थॉम्सन सेंटर कंपनीचा. १९६७ साली वॉरन सेंटर यांच्या रचनेवर कंटेंडर नावाचं पिस्तूल निघालं, त्याची नळी मालकाला घरीच बदलता यायची. पुढे त्याच कल्पनेवर एन्कोर नावाची दणकट रायफल आली. तिची नळी एका खिळीवर फिरते. खिळी काढली की नळी मोकळी. कोणत्याही एन्कोरची नळी सहसा दुसऱ्या एन्कोरवर बसते. पण जुनीसुद्धा महाग.

दुसरा पर्याय एच अँड आर कंपनीची हँडी-रायफल. साधी, जड, गरिबाची म्हणावी अशी. हिचं उत्पादन २०१५ मध्ये बंद झालं. हिच्या नळ्या अदलाबदलीच्या असल्या तरी प्रत्येक नळी कारखान्यात त्या त्या सांगाड्यावर बसवून द्यायचे. आता कारखानाच नाही, त्यामुळे दुसरीकडची नळी आणून लावायची तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे जावं लागतं. शिवाय शॉटगनच्या सांगाड्यावर रायफलची नळी लावायची नाही. काडतुसाचा दाब त्याला झेपत नाही, रायफलसाठी त्यांचा पोलादी सांगाडा वेगळा असतो. काकांना एका माणसाकडे पोलादी सांगाडा आणि कारखान्यातच बसवलेल्या .४४ व .२४३ अशा दोन नळ्या मिळत होत्या. दुर्बीण नव्हती, म्हणून किंमत कमी होती.

"तीन दिवसांनी मोसम सुरू होतोय," काका म्हणाले. "उद्या घेतली तर परवा दुर्बीण लावतो. कुठली घेऊ?"

आजोबांनी बंदुकीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कशासाठी घेतोयस?"

काका हसले. "शिकारीसाठी, बाबा."

"तसं नाही. कुठे उभा राहणार, किती अंतरावरून मारणार, कोणाला बरोबर नेणार?"

काका जरा थांबले. म्हणाले, यंदा घराजवळच. अंतर पन्नास-साठ यार्ड, जास्तीत जास्त शंभर. उत्तरेला कधी जायचं ते ठरलेलं नाही. आणि चौदा वर्षांच्या मुलाला बरोबर न्यायचंय, त्याने बघावं म्हणून.

तेव्हा आजोबांनी जी गोष्ट सांगितली ती मी आधी कधीच ऐकली नव्हती. बहुतेक बाबांनीही ऐकली नसावी, कारण ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले ते हललेच नाहीत.

१९६९ च्या हिवाळ्यातली गोष्ट. तेव्हा वन खात्याचा परवाना काढून शिकार करता येत असे. आजोबा पंचविशीच्या आतले. मित्राची दुनळी बंदूक मागून घेतली आणि महानदीच्या पलीकडे गेले. संध्याकाळच्या उजेडात चितळ दिसलं. अंतर जास्त होतं, मध्ये झुडूप होतं. आजोबांनी तरीही बार टाकला.

"का टाकला सांगू?" ते म्हणाले. "कारण दुसरी नळी भरलेली होती. मनात आलं, पहिला चुकला तर दुसरा आहेच. म्हणून पहिला नीट मारलाच नाही. आणि दुसरा मारेपर्यंत ते पळत होतं."

चितळ जखमी होऊन गेलं. ते रात्रभर शेकोटीजवळ बसले आणि उजाडताच रक्ताच्या मागावर निघाले. दुपारी एका नाल्यात ते सापडलं. तोवर जिवंत होतं.

एवढं सांगून आजोबा गप्प झाले. पलीकडे काकाही गप्प. मग ते म्हणाले, "पुढच्या वर्षी मी परवाना काढला तेव्हा दुकानदार दुनळी दाखवत होता. मी एकनळी घेतली. पैसे कमी होते हे खरं, पण पैशांसाठी नाही घेतली."

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीवर बंधनं आली. आजोबांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांची बंदूक त्यानंतर फक्त मचाणावर गेली. रानडुकरांनी पीक खाल्लं तरी वन अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही, हे गड्यालाही त्यांनी बजावून ठेवलं होतं.

मग आजोबा कामाचं बोलू लागले. बंदूक समोर नव्हती, म्हणून त्यांनी कपाटातला गज हातात घेतला आणि तोच बंदुकीसारखा धरून दाखवला. विकत घेताना नळी बंद करून हलवून बघ, बिजागरी खुळखुळते का. नळीतून उजेडाकडे बघ, आत खड्डे आहेत का. घोडा अंगठ्याने ओढून बघ. हिवाळ्यात हातमोजा घालून अंगठा घसरतो का, दुर्बीण आड येते का ते बघ. दस्ता खांद्याला लावून गाल टेकव. डोळा आपोआप नेमावर आला पाहिजे, मान वाकडी करावी लागली तर ती बंदूक तुझी नाही.

"आणि दुर्बिणी किती घेणार?" त्यांनी विचारलं.

इथे काका अडकले. दुर्बीण नळीवर बसते. दोन नळ्या म्हणजे दोन दुर्बिणी, नाहीतर एकच दुर्बीण काढून लावायची आणि दर वेळी नेम नव्याने बसवायचा. काडतुसं दोन प्रकारची, सराव दोन प्रकारचा. स्वस्त बंदुकीची दुसरी नळी अशी हळूहळू खिसा रिकामा करते.

मला राहवलं नाही. मी मध्येच म्हणालो, "काका, आमच्या रेंजवर उस्ताद रायफल बदलू देत नाहीत. ज्या रायफलवर सराव, तिच्यावरच स्पर्धा." आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. कॅम्पची गोष्ट मी तेवढीच सांगितली, पण ती जिथे पोचायची तिथे पोचली.

शेवटी ठरलं ते असं. हँडी-रायफल दोन नळ्यांसकट घ्यायची, कारण त्या त्याच सांगाड्यावर बसवलेल्या आहेत आणि पुढे तशी जोडी मिळणार नाही. पण दुर्बीण एकच, .४४ च्या नळीवर. .२४३ ची नळी तेल लावून कपाटात. दुसऱ्या दुर्बिणीचे पैसे काडतुसांना.

"आणि १५ तारखेला?" काकांनी विचारलं.

"१५ तारखेला घरी बस," आजोबा म्हणाले. "तीन दिवसांत बंदूक विकत मिळते, ओळखीची होत नाही. मुलाला काय दाखवणार आहेस, याचा विचार कर."

मला वाटलं काका चिडतील. सगळी तयारी झाली होती, रजा टाकलेली होती. ते एवढंच म्हणाले, "बरं, बाबा."

१५ नोव्हेंबरला आमच्याकडे भाऊबीज होती. संध्याकाळी काकांचा फोन आला. ते घरीच होते.

त्याच रात्री जेवताना बाबांनी विषय काढला. निवडणुकीचे निकाल ३ डिसेंबरला, त्यानंतर ठाण्यातून बंदूक आणायची. पुढे काय? आजोबांचे हात आता थरथरतात. सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला बंदूक वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. बाबांना तिची हौस नाही. मी मात्र याच क्षणाची वाट बघत होतो. मी म्हणालो, "बाबा, तुमच्या नावावर करून ठेवा ना. मला एकवीस पूर्ण झाली की मी घेईन."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "कशासाठी?"

तोच प्रश्न, तोच आवाज. मी उत्तर शोधू लागलो. शेतावर आता झटका मशीनचं कुंपण आहे, मचाण कधीच मोडलं. शिकार करायची नाही. नेमबाजीला .२२ लागते, बारा बोअर नाही. पुढे सैन्यात गेलो तर हत्यार सरकार देईल. मग कशासाठी? ती भिंतीवर छान दिसते म्हणून? मित्रांना सांगता येतं म्हणून? मी खाली मान घालून वरण कालवत राहिलो.

"राग नको मानूस," आजोबा म्हणाले. "तुला उत्तर सापडलं असतं तर मी दिली असती."

डिसेंबरमध्ये बंदूक ठाण्यातून घरी आली. आजोबांनी ती एकदा मोडली, नळीतून उजेड बघितला, तेलाचं फडकं फिरवलं आणि रीतसर कागद करून परवानाधारक विक्रेत्याकडे देऊन टाकली. मी तेव्हा इथे शाळेत होतो. बाबांनी फोनवर सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगतो.

काकांनी ते वर्षभर एकाच नळीवर सराव केला. २०२४ च्या नोव्हेंबरात ते मुलाला घेऊन पहिल्यांदा बसले. तिसऱ्या दिवशी हरीण आलं, साठेक यार्डांवर. घोडा ओढलेला होता. पण हरणाच्या मागे काय आहे ते दिसत नव्हतं, झाडीच झाडी होती. काकांनी अंगठ्याने घोडा सावकाश खाली सोडला. मुलगा कुजबुजला, "का नाही मारलंत?" काकांनी त्याला आजोबांची चितळाची गोष्ट सांगितली, तिथेच, थंडीत बसून. त्या मोसमात ते रिकाम्या हाताने परतले. फोनवर आजोबा इतके खूश झालेले मी क्वचितच पाहिले.

आता रेंजवर मी पहिली गोळी भरतो, तेव्हा उरलेल्या चार शेजारी ठेवलेल्या असतात. त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करतो. नेहमी जमतं असं नाही. गेल्या सुट्टीत आजोबांनी कपाटातला गज मला दिला. माझ्या रायफलीला तो उपयोगाचा नाही, जाडी जुळत नाही. तरी तो माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. तपासणीत कोणी विचारलं, "कॅडेट, हे कशासाठी?" तर यावेळी माझ्याकडे उत्तर आहे.

— एक कॅडेट, इयत्ता ११ वी