तीन फेब्रुवारी की दोन मार्च?

आमच्या बिदर-गुलबर्गा भागातील जुन्या घरांतून कागदांची एखादी तरी पेटी जपलेली असते. निजामी अमलातील कागदांवर फसली सन असे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे आजोबांनी आम्हा भावंडांना पाढ्यांबरोबरच शिकवले होते. जुना कागद हाती आला की ते प्रथम विचारीत, "सन कोणता? फसली की इसवी?" या साध्या प्रश्नाचे मोल मला पुढे एका संगणकाने शिकवले, पण तोवर एका सज्जन माणसाला फार मनस्ताप सोसावा लागला होता.

२००३ सालची गोष्ट. गुलबर्ग्याला, म्हणजे २०१४ पासूनच्या कलबुर्गीला, मी शिक्षण संपवून नुकतीच कामाला लागले होते. भालकीकडच्या एका लहानशा पतसंस्थेला कर्जखात्यांसाठी प्रोग्राम हवा होता. तो मी व्हिज्युअल बेसिकमध्ये घरीच लिहिला. संस्थेचे हिशेबनीस वडिलांचे स्नेही. मी त्यांना काका म्हणे. तीस वर्षे रोजकीर्द त्यांच्या हातची, आणि तीत खाडाखोड शोधून सापडायची नाही.

काही महिन्यांनी काकांचा फोन आला. "बाळ, तुझ्या प्रोग्राममध्ये काही तारखा उलट्या दिसतात. मी वीस-दोन लिहितो, तो दोन-वीस दाखवतो." मी माझ्या संगणकावर करून पाहिले; तेथे सारे सुरळीत होते. "काका, ते नुसते दिसण्यापुरते आहे, हिशेबाला काही धक्का नाही," असे सांगून मी मोकळी झाले.

२००४ च्या मार्चअखेर थकबाकीची यादी छापून निघाली. एका शेतकऱ्याने तूर विकून ३ फेब्रुवारीला कर्ज फेडले होते; मुदत १५ फेब्रुवारीची होती. यादीत मात्र भरणा २ मार्चचा, आणि वर दंडव्याज! पावतीवर काकांच्या वळणदार अक्षरात ३ फेब्रुवारी लिहिलेले. अशी आणखी काही खाती निघाली. काही खात्यांवर व्याज कमीही लागले होते. पण त्याची तक्रार कोण करणार? बैठकीत कोणीतरी हळूच म्हणाले, "मग मधले अठ्ठावीस दिवस पैसे होते कोठे?" काका त्यावर एक शब्द बोलले नाहीत. तिजोरीच्या किल्ल्या टेबलावर ठेवून ते घरी निघून गेले.

हे कळताच दुसऱ्या दिवशी मी हुमनाबादमार्गे भालकीची बस धरली. वाटभर व्याजाचे सूत्र मनात घोळवीत होते. कोठे काय बदलावे याचे तर्क चालले होते. पण तर्कावर दुरुस्ती करू नये. दोष जेथे दिसतो तेथेच तो आधी डोळ्यांनी पाहावा, हा या विद्येतला पहिला धडा. म्हणून संस्थेत पोचताच साऱ्या नोंदींची एक प्रत बाजूला काढून ठेवली, प्रोग्रामला हात लावला नाही, आणि काकांना विनवून बोलावून आणले. ते रोजकीर्द वाचू लागले आणि चुकलेल्या प्रत्येक नोंदीवर मी पेन्सिलीने खूण करू लागले.

दिवस कलता कलता खुणाच बोलू लागल्या. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढची एकही नोंद चुकलेली नव्हती. चूक होती ती १ ते १२ या तारखांतच. आणि त्यातही २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा नोंदी, जेथे दिवस आणि महिन्याचा आकडा एकच, अगदी बिनचूक होत्या. उलगडा झाला. माझा संगणक आपल्या रीतीने दिवस आधी वाचणारा. संस्थेचा मात्र विकत आणला तसाच, अमेरिकन रीतीने महिना आधी वाचणारा. ०३/०२ म्हणजे त्याच्या लेखी २ मार्च. पडद्यावर तो तेच आकडे त्याच क्रमाने दाखवी, म्हणून चूक लपली; यादीत महिन्याचे नाव छापले गेले तेव्हा ती उघडी पडली. वीस क्रमांकाचा महिना नसतो, म्हणून २०/०२ ही तारीख तो गुपचूप आपल्या रीतीने समजून घेई, आणि दाखवताना २/२० अशी दाखवी. काकांनी फोनवर सांगितले होते ते हेच. दोषाचे टोक त्यांनी माझ्या हाती दिले होते. मीच ते सोडून दिले.

अशा चुका मोठमोठ्यांच्याही होतात. १९९९ साली मंगळाकडे गेलेले एक अमेरिकन यान नष्ट झाले, कारण एका गटाचा प्रोग्राम पौंडांच्या मापात आकडे देत होता आणि दुसरा गट ते मेट्रिक समजत होता. दोन्हीकडची गणिते चोख. माप कोणते, एवढेच कोणी विचारले नव्हते.

तारखेच्या एका चौकटीऐवजी मी दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन चौकटी केल्या; महिना आकड्याने नव्हे, नावाने निवडायचा. जुन्या नोंदी सरसकट उलटवल्या नाहीत. काका वाचीत गेले, मी एकेक पावतीशी ताडून दुरुस्त करीत गेले. त्याला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी संचालकांसमोर उभी राहून मी सांगितले, की चूक माझी आहे, रोजकीर्द खरी आहे. शेतकऱ्यांचे दंडव्याज परत झाले. किल्ल्या काकांच्या हाती आल्या.

निरोप घेताना मी क्षमा मागितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुझे आजोबा असते तर पहिल्याच दिवशी विचारते, फसली की इसवी?"

आज मजजवळ शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी ही हकीकत आवर्जून सांगते. आपल्या संगणकावर प्रोग्राम चालतो, एवढ्याने तो बरोबर ठरत नाही. ज्याला तो वापरायचा आहे त्याच्या टेबलापाशी बसून पाहावे. आणि कागद व संगणक यांत तफावत पडली, तर माणसाच्या सचोटीवर बोट ठेवण्याआधी, दोघे एकच भाषा वाचताहेत ना, हे विचारावे.